दोन तपासण्यांच्या मधले सहा तास

प्रस्तावना

रामकुंडावर अस्थी घेऊन येणाऱ्यांची रीघ वर्षातल्या कुठल्याच दिवशी थांबत नाही. खानदेशातून, मराठवाड्यातून, गुजरातच्या सीमेवरच्या गावांतून गाड्या भरून माणसे येतात. हातात कलश, पिशवीत पिंडाचे साहित्य, सोबत मुंडण केलेला थोरला मुलगा. कुंडाच्या एका भागाला अस्थिविलय तीर्थ म्हणतात. तिथे हाडे पाण्यात विरून जातात अशी श्रद्धा आहे. महात्मा गांधींच्या अस्थींचा अंशही १९४८ साली इथे गोदावरीत सोडला गेला. तिकडे त्र्यंबकेश्वरी अकाली गेलेल्यांसाठी नारायण नागबळी आणि त्रिपिंडी श्राद्ध चालू असते. मेलेल्या माणसाच्या देहाचे काय करायचे आणि त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न इतर शहरांत एखाद्या घरात कधीतरी उभा राहतो. नाशकात तो रोज सकाळी घाटावर येतो, आणि त्याची उत्तरे देणारी घराणी पिढ्यान् पिढ्या इथे नांदत आहेत.

याच नाशकात म्हसरूळच्या बाजूला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. राज्यातल्या डॉक्टरांच्या पदव्या १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठातून निघतात. शहरात मोठी रुग्णालये आहेत, मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण इथे होते. मुंबई-आग्रा महामार्ग शहराच्या पोटातून जातो, पुण्याचा रस्ता सिन्नरवरून, आणि कसारा घाट हाकेच्या अंतरावर. डोक्याला मार लागलेले तरुण दुचाकीस्वार या रस्त्यांवरून रुग्णालयांत येत राहतात. त्यांतल्या काहींचा मेंदू कायमचा थांबतो आणि हृदय मात्र यंत्राच्या आधाराने चालू असते. मग बाहेर बसलेल्या नातेवाइकांना एक प्रश्न विचारला जातो. अवयवदानाविषयी लोकांना काय वाटते, याचा शोध घेणारे पुस्तक घाट आणि आयसीयू ही दोन्ही टोके सांभाळणाऱ्या या शहरातून निघावे, हे मला फार योग्य वाटते.

या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाने आधी तीन गोष्टी वेगळ्या करून घ्याव्यात, कारण निम्मा गोंधळ त्यांच्या सरमिसळीतून होतो. नेत्रदान हे नेहमीच्या मृत्यूनंतर, घरी मृत्यू आला तरी करता येते. साधारण सहा तासांच्या आत नेत्रपेढीचे लोक येऊन नेत्रपटल काढून नेतात आणि चेहऱ्यावर कसलीही खूण राहत नाही. तोवर घरच्यांनी पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, उशीने डोके थोडे वर करायचे, इतकेच. देहदान म्हणजे संपूर्ण शरीर वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाला देणे. यात देह परत मिळत नाही. अवयवदान या दोन्हींपेक्षा निराळे आहे. हृदय, यकृत, मूत्रपिंडे, फुप्फुसे, स्वादुपिंड हे अवयव घरी झालेल्या मृत्यूनंतर उपयोगी पडत नाहीत. मृत्यूनंतर घ्यायचे तर आपल्याकडे ते बहुतांशी मेंदूमृत व्यक्तीकडून, अतिदक्षता विभागातच मिळतात. शस्त्रक्रियेनंतर टाके घालून देह घरच्यांच्या हाती दिला जातो आणि सगळे अंत्यसंस्कार रीतसर करता येतात. ‘माझा अवयवदानाचा फॉर्म भरलाय, मी गेल्यावर कॉलेजला फोन करा’ असे घरच्यांना सांगून ठेवणारी सुशिक्षित माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्या मनात तिन्ही दानांची एकच पुरचुंडी असते.

मृताच्या शरीरातून दृष्टी देण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. १९०५ साली मोराव्हियातल्या ओलोमौत्स गावी एडुआर्ड झिर्म यांनी पहिले यशस्वी नेत्रपटलरोपण केले, आणि १९४५ मध्ये मद्रासला भारतातली पहिली नेत्रपेढी निघाली. मुंबई राज्याने शरीररचनाशास्त्राच्या अभ्यासासाठी बेवारस देह मिळावेत म्हणून १९४९ मध्ये आणि नेत्रपटलांसाठी १९५७ मध्ये कायदे केले. म्हणजे या बाबतीत महाराष्ट्र देशाच्या कायद्याची वाट पाहत बसला नव्हता. अवयवांची कथा उशिरा सुरू होते. १९५४ मध्ये बोस्टनला जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवले. १९६५ मध्ये परळच्या केईएममध्ये मूत्रपिंडरोपणाचा प्रयत्न झाला. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाउनमध्ये हृदय बदलले, आणि अडीच महिन्यांच्या आतबाहेर, फेब्रुवारी १९६८ मध्ये, डॉ. पी. के. सेन यांनी केईएममध्ये हृदय प्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासांतच दगावला. तरी परळच्या महापालिका रुग्णालयात हे धाडस झाले होते, याची आठवण आपल्याकडे फारशी कुणाला नाही, याचे मला वाईट वाटते. वेल्लोरला १९७१ मध्ये मूत्रपिंडरोपण यशस्वी झाले. यशस्वी हृदयरोपणासाठी मात्र ३ ऑगस्ट १९९४ उजाडावा लागला. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी ते केले. त्याच्या काही आठवडे आधीच संसदेने मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संमत केला होता.

हा कायदा ४ फेब्रुवारी १९९५ पासून लागू झाला, आणि तो सुरुवातीलाच स्वीकारणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. त्याने दोन कामे एकदम केली. अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली आणि मेंदूस्तंभाच्या मृत्यूला कायद्याने मृत्यू मानले. लोकांच्या मनात ही दोन कामे कधीच सुटी झाली नाहीत. किडनीच्या काळ्या बाजाराच्या बातम्या आणि ‘हृदय चालू असलेला मृत्यू’ ही न पटणारी कल्पना त्यांच्यासमोर एकाच वेळी आली, त्यामुळे दुसरीवर पहिलीची सावली पडली. पुढे यंत्रणा उभी राहत गेली. मुंबईत २००० मध्ये विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र सुरू झाले, मग पुणे, नागपूर आणि औरंगाबादला. नाशिक पुणे केंद्राकडे येते. २०११ च्या दुरुस्तीने ऊती कायद्यात आल्या, आजी-आजोबा आणि नातवंडे जवळच्या नातेवाइकांत धरली गेली, आणि रुग्णालयात प्रशिक्षित समन्वयक असणे सक्तीचे झाले. २०१६ मध्ये ऑगस्टच्या शेवटी राज्य सरकारने महाअवयवदान अभियान घेतले. शाळा-कॉलेजांतून फेऱ्या निघाल्या, फॉर्म भरले गेले.

फॉर्म भरले गेले, हे वाक्य मी मुद्दाम लिहिले. कारण या क्षेत्रात तिथेच गफलत होते. हयातीत भरलेला नमुना क्रमांक ७ हा इच्छेचा पुरावा आहे. प्रत्यक्षात अवयव घेतले जातात ते जवळच्या नातेवाइकांनी नमुना क्रमांक ८ वर सही केल्यावरच. कार्ड खिशात असले आणि बायको ‘नाही’ म्हणाली, तर विषय संपला. म्हणून एखाद्या शहराची अवयवदानाविषयीची वृत्ती किती फॉर्म जमा झाले यावरून कळत नाही. ती आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर कळते.

त्या बाकड्याकडे जाण्याआधी घाटावर थोडे थांबू. अवयवदानाला धर्म आड येतो, असे आपण सरसकट म्हणतो. ‘अर्धवट देहाला गती मिळत नाही’, ‘या जन्मी डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळा जन्म’, ‘आत्मा अडकतो’ ही वाक्ये खरोखर बोलली जातात. पण आचार पाहिला तर वेगळे दिसते. अपघातात गेलेल्या प्रत्येकाचे शवविच्छेदन होते. कवटी उघडली जाते, पोट उघडले जाते. तसा देह घेऊन येणारे कुटुंब अमरधाममध्ये नेहमीचेच संस्कार करते आणि दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवते. त्या देहाला गती मिळणार नाही, असे कुणी म्हणत नाही. देह अजिबातच हाती आला नाही, बुडाला, हरवला, तर पळसाच्या पानांचा किंवा दर्भाचा पुतळा करून दहन करण्याचा पालाशविधी परंपरेनेच ठेवला आहे. जी परंपरा देहाशिवायसुद्धा मृताला मार्ग देते, ती एका मूत्रपिंडासाठी दार बंद करील, हे मला पटत नाही.

त्याहून महत्त्वाचा आहे काकस्पर्श. दशक्रिया पाहिलेल्या कुणालाही ते दृश्य ठाऊक आहे. पिंड मांडला आहे, कावळे समोरच्या भिंतीवर बसले आहेत, पण कुणी खाली येत नाही. पाच मिनिटे जातात, दहा जातात. मग कुजबूज सुरू होते. काहीतरी राहिले असेल त्यांच्या मनात. थोरला मुलगा पुढे होतो आणि हात जोडून सांगतो, ‘धाकटीचं लग्न आम्ही नीट करू.’ तरी कावळा येत नाही. कुणी म्हणते, ‘जमिनीचं सांग.’ तो सांगतो, ‘भाऊ-भाऊ भांडणार नाही.’ शेवटी कावळा पिंडाला शिवतो आणि सगळे मोकळे होतात. कावळ्याचे काय ते सोडून द्या. या विधीत एक गोष्ट पक्की मानलेली आहे, ती म्हणजे गेलेल्याची इच्छा जिवंतांवर बंधनकारक असते. घरच्यांना ती ठाऊक नसेल तर अंदाज बांधावा लागतो, आणि तो सगळ्यांसमोर बोलून दाखवावा लागतो. अवयवदानाच्या वेळी कुटुंबाला विचारलेला प्रश्न नेमका हाच असतो: त्यांची इच्छा काय होती? फरक इतकाच, की इथे तो दहाव्या दिवशी येत नाही, पहिल्याच दिवशी येतो, आणि कुणी तयार नसते.

दधीची ऋषींचे नाव या क्षेत्रात फार घेतले जाते. देवांना वज्रासाठी अस्थी देणारा ऋषी हा देहदानाचा आदर्श म्हणून सांगणे समजण्यासारखे आहे. त्यांच्या नावाने संस्था चालतात आणि चांगले काम करतात. पण माझे मत असे आहे, की या कथेने सामान्य माणूस जवळ येण्याऐवजी थोडा लांबच जातो. दधीची महात्मा होता. सातपूरच्या कारखान्यात काम करणाऱ्या, मुलगा आयसीयूत असलेल्या बापाला महात्मा व्हायचे नसते. त्याला आपण चूक करत नाही ना, एवढेच जाणून घ्यायचे असते. त्यापेक्षा जवळचे उदाहरण भगूरचे आहे. तिथे जन्मलेल्या सावरकरांनी १९६६ मध्ये जाताना आपला देह विद्युतदाहिनीत न्यावा आणि नेहमीचे विधी करू नयेत, असे लिहून ठेवले होते. त्यांच्या इतर मतांविषयी कुणाचे काहीही म्हणणे असो, स्वतःच्या देहाचे काय व्हावे हे आधी ठरवून लेखी सांगण्याची रीत याच जिल्ह्यातल्या माणसाने घालून दिली आहे.

इतर धर्मांविषयी थोडेच, कारण पुस्तकात त्यावर विस्ताराने लिहिले आहे. मालेगावात हा विषय निघाला की पहिला प्रश्न ‘जायज आहे का’ हाच येतो. देह ही अमानत आहे, त्यावर माणसाची मालकी नाही, असे मानून काही उलेमांनी विरोध केला आहे. जेद्दाच्या इस्लामी फिक्ह अकादमीने १९८८ मध्ये काही अटींवर प्रत्यारोपणाला मान्यता दिली. दोन्ही मते जिवंत आहेत आणि स्थानिक मौलवी काय सांगतात याला फार महत्त्व आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० मध्ये रोमला भरलेल्या प्रत्यारोपणतज्ज्ञांच्या परिषदेत अवयवदानाला स्पष्ट पाठिंबा दिला. श्रीलंकेत बौद्ध दानपरंपरेच्या आधारावर नेत्रदानाची इतकी मोठी चळवळ उभी राहिली, की त्या छोट्या देशातून नेत्रपटले परदेशांना जात राहिली. धर्माने माणसे अडतात तशी ती पुढेही येतात. सांगणारा कोण आणि कसा, यावर ते ठरते.

आता आयसीयूच्या बाहेर. पेशंट कालपासून व्हेंटिलेटरवर आहे. जीपने गावाकडची मंडळी आली आहेत, डबे आले आहेत, कुणीतरी सप्तशृंगीला नवस बोलले आहे. डॉक्टर भावाला आत बोलावून सांगतात की मेंदूचे काम पूर्ण थांबले आहे. भाऊ काचेतून पाहतो. छाती वरखाली होते आहे, पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारते आहे, अंगाला हात लावला तर ऊब आहे. आजवर पाहिलेल्या प्रत्येक मृत्यूत श्वास थांबला होता, अंग गार पडले होते. त्याला आता सांगितले जाते आहे की हाही मृत्यूच आहे. ‘मग हृदय कसं चालतंय?’ हा त्याचा प्रश्न अडाणीपणाचा नाही, तो अगदी रास्त प्रश्न आहे. त्याला उत्तर आहे: हृदयाला ठोका देण्याची सोय हृदयातच असते, यंत्राने प्राणवायू पुरवला तोवर ते चालते. श्वासाचा हुकूम मात्र मेंदूस्तंभातून येतो. तो मेला की यंत्राशिवाय श्वास नाही. व्हेंटिलेटर काही वेळ बाजूला करून रुग्ण स्वतः श्वास घेतो का, हे डॉक्टर पाहतात. डोळ्यांच्या बाहुल्या, घशाची प्रतिक्षिप्त क्रिया, सगळे तपासतात. चार डॉक्टरांचे मंडळ हे तपासते आणि किमान सहा तासांच्या अंतराने पुन्हा तपासते. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला कुणीही त्या मंडळात चालत नाही.

ते सहा तास ही या पुस्तकाची खरी जागा आहे. त्या वेळात चुलते येतात, मामा येतात, गावचे पोलीस पाटील फोनवर असतात. ‘थोरले काका नगरहून निघालेत, ते आल्याशिवाय काही नाही.’ कायद्याने सही बायकोची किंवा आईबापांची, पण निर्णय भावकीचा. बहुतेक वेळा ज्याने पेशंटला वर्षानुवर्षे पाहिलेले नसते तोच सर्वांत ठामपणे ‘नाही’ म्हणतो, आणि बायको मान खाली घालून बसलेली असते. समन्वयकाचे काम करणारी मंडळी सांगतात की नकाराची खरी कारणे धर्माच्या नावाने क्वचितच सुरू होतात. ती सुरू होतात ‘आधी का नाही सांगितलं?’, ‘बिल किती झालं?’, ‘अवयवांसाठी तर मारलं नाही ना?’ यांपासून. वॉर्डातली वागणूक, न मिळालेली उत्तरे, तीन-तीन दिवस ‘बघू’ म्हणत ठेवलेली आशा, या सगळ्याचा हिशेब त्या एका प्रश्नाच्या वेळी होतो.

हा संशय आपोआप आलेला नाही. २००८ मध्ये गुरगावचा किडनीचा बाजार उघड झाला. डिसेंबर २०१५ मध्ये अकोल्यात सावकारांच्या कर्जाखाली दबलेल्या माणसांच्या किडन्या विकल्या गेल्याचे प्रकरण समोर आले. २०१६ मध्ये मुंबईत, २०२२ मध्ये पुण्यात बनावट नातेवाईक उभे करून झालेल्या प्रत्यारोपणांचे गुन्हे दाखल झाले. ही सारी प्रकरणे जिवंत दात्यांची. मेंदूमृत दात्याच्या वाटपाची वाट निराळी आहे. तिथे यादी समन्वय केंद्राकडे असते, रक्तगट, प्रतीक्षेचा काळ, प्रकृतीची निकड यांवर क्रम ठरतो, आणि कोणाचा अवयव कोणाला गेला हे दोन्ही घरांना सांगितले जात नाही. पण वर्तमानपत्र वाचणारा माणूस हा भेद करत नाही, आणि तो त्याने करावा अशी अपेक्षा धरण्याचा हक्क यंत्रणेला कमवावा लागेल. ‘गरिबाने द्यायचं आणि श्रीमंताला मिळायचं’ या वाक्यात तथ्य आहे. हृदय आणि यकृताची प्रत्यारोपणे बहुतेक खाजगी रुग्णालयांत, लाखो रुपये खर्चून होतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंडरोपणाचा समावेश झाला, हे मोठे पाऊल आहे. पण नंतरची आयुष्यभराची औषधे कुटुंबाला झेपली पाहिजेत. सरकारी रुग्णालयांत प्रत्यारोपण वाढल्याशिवाय या वाक्याला प्रामाणिक उत्तर देता येणार नाही.

आणखी एक पेच कायद्यातच आहे. मेंदूमृत ठरलेल्या माणसाच्या घरच्यांनी होकार दिला, तर तो मृत. दात्याला सांभाळण्याचा पुढचा खर्च त्यांच्यावर पडत नाही. नकार दिला, तर तोच माणूस पुष्कळ ठिकाणी व्हेंटिलेटरवर ‘उपचार घेत’ राहतो आणि बिल चढत राहते. एकाच देहाविषयी दोन बोलणी ऐकल्यावर लोकांनी कुठल्यावर विश्वास ठेवायचा? केरळने मेंदूमृत्यूचे निदान अवयवदानाशी न जोडता करावे, अशी मार्गदर्शक तत्त्वे आणली. महाराष्ट्रानेही मृत्यू हा मृत्यू म्हणूनच आधी जाहीर करण्याची शिस्त लावावी, असे मला ठामपणे वाटते. दान हा त्यानंतरचा प्रश्न आहे.

जिवंत दात्यांचा विषय काढला की आपल्या घरांचे आणखी एक चित्र दिसते. भारतात आजही बहुतेक प्रत्यारोपणे हयात नातेवाइकांच्या अवयवांवर होतात. २०२३ मध्ये हयात दात्यांत स्त्रिया सुमारे दहा हजारांच्या घरात होत्या, पुरुष सहा हजारांहून कमी. आणि १९९५ ते २०२१ या काळातल्या ३६,६४० प्रत्यारोपणांपैकी २९ हजारांहून अधिक पुरुषांना मिळाली, ६,९४५ स्त्रियांना. आई देते, बायको देते, बहीण देते. बाईला लागली तर ‘डायलिसिस चालू आहे ना, बघू.’ लग्नाच्या मुलीने भावाला किडनी द्यायची तर ‘हिचं पुढे कसं होणार’ ही चिंता, आणि सुनेने नवऱ्याला द्यायची तर ती कुणी विचारतही नाही. त्यागाची स्तुती करताना हा त्याग कोण करते आणि तो कितपत स्वखुशीचा असतो, हे विचारायचे राहून जाते. मृत्यूनंतरचे अवयवदान वाढणे म्हणजे या बायकांवरचा भार हलका होणे, ही बाजू प्रचारात जवळजवळ कधीच मांडली जात नाही.

या साऱ्याकडे पाहण्याच्या अभ्यासकांच्या रीती निरनिराळ्या आहेत. सर्वांत जास्त काम झाले आहे ते प्रश्नावलीच्या वाटेने. लोकांना किती माहिती आहे, काय वाटते, काय करतात हे विचारायचे. त्यातून जगभर एकच फट दिसते: पाठिंबा देणारे पुष्कळ, नाव नोंदवणारे कमी, आणि प्रसंगी होकार देणारे आणखी निराळे. माहिती वाढवली की दान वाढेल हे या वाटेचे गृहीतक, आणि ते अपुरे आहे. दुसरी वाट वर्तनशास्त्राची. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांनी २००३ मध्ये दाखवले की ‘नको असेल तर कळवा’ अशी पद्धत असलेल्या देशांत दाते कागदावर कितीतरी अधिक असतात. वेल्सने २०१५ मध्ये आणि इंग्लंडने २०२० मध्ये ही गृहीत संमती आणली. पण ज्या स्पेनचे नाव यात नेहमी घेतले जाते, तिथे १९७९ पासून असा कायदा असूनही कुटुंबाला विचारल्याशिवाय अवयव घेत नाहीत. दहा लाख लोकांमागे चाळीसहून अधिक दात्यांपर्यंत स्पेन पोचला तो १९८९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेमुळे. राफाएल मातेसान्झ यांच्या पुढाकाराने रुग्णालयारुग्णालयांत प्रशिक्षित समन्वयक नेमले गेले. भारतात हा आकडा अजून एकच्या आत आहे.

तिसरी वाट मानववंशशास्त्राची, आणि माझा कल तिच्याकडे आहे. मार्गारेट लॉक यांनी जपानचा अभ्यास करून २००२ मध्ये दाखवले की विज्ञानात पुढे असलेला तो देश मेंदूमृत्यू मान्य करायला कचरला, कारण १९६८ च्या तिथल्या पहिल्या हृदयरोपणानंतर डॉक्टरांवरचा विश्वासच उडाला होता. तिथे कायदा व्हायला १९९७ उजाडले. रेने फॉक्स आणि ज्युडिथ स्वेझी यांनी अवयव मिळालेल्यांच्या मनावरचे न फिटणारे ओझे मांडले. नॅन्सी शेपर-ह्यूज आणि लॉरेन्स कोहेन यांनी अवयव गरिबाकडून श्रीमंताकडे कसे जातात, याचा माग काढला. कोहेन यांनी तर चेन्नईच्या वस्त्यांत जाऊन. या मंडळींमुळे नकार देणाऱ्याकडे अडाणी म्हणून न पाहता त्याचे म्हणणे ऐकण्याची सवय लागली. त्याच वेळी तमिळनाडूचा धडाही विसरू नये. २००८ मध्ये चेन्नईजवळच्या एका डॉक्टर दांपत्याने अपघातात मेंदूमृत झालेल्या पंधरा वर्षांच्या मुलाचे अवयव दिले आणि सारे राज्य हलले. पण ते हलणे टिकले, कारण सरकारने त्याच वर्षी नियमांचे आदेश काढून यंत्रणा बांधली होती.

आजच हा विषय का? मधुमेह आणि रक्तदाब घराघरांत आहेत, आणि तालुक्याच्या गावांतही डायलिसिसची केंद्रे उभी राहिली आहेत. देशात २०१३ मध्ये पाच हजारांहून कमी प्रत्यारोपणे झाली होती, २०२३ मध्ये ती १८,३७८ वर गेली; पण त्या वर्षी मृत्यूनंतरचे दाते १,०९९ इतकेच होते. नियमही बदलले. २०२३ पासून नाव नोंदवायला अधिवासाची अट नाही, वयाची ६५ ची मर्यादा नाही, शुल्क नाही. वाट मोकळी होत आहे, आणि म्हणूनच मनातली गाठ अधिक ठळक दिसू लागली आहे.

हे पुस्तक त्या गाठीला हात घालते. यात प्रचाराची भाषणे नाहीत. घाटावरचे पुरोहित, आयसीयूतल्या परिचारिका, समन्वयक, डॉक्टर, पोलीस, अवयव मिळालेले आणि वाट पाहत असलेले, होकार दिलेली घरे आणि नकार दिलेली घरे, या सगळ्यांचे म्हणणे शेजारी शेजारी ठेवले आहे. नकार देणाऱ्यांना इतकी जागा देणारे मराठी पुस्तक माझ्या वाचनात आलेले नाही, आणि तीच याची मोठी कमाई आहे. पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यांतल्या मृत्यूकल्पनांवरचा भाग मला अपुरा वाटला. तिथे रुग्णालयच दूर असल्यामुळे हा प्रश्न अजून नीट पोचलेला नाही, हे लेखकांनी स्वतःच म्हटले आहे. डॉक्टरांनी त्यांच्यासाठीचा भाग आवर्जून वाचावा. वाईट बातमी कशी सांगायची हे वैद्यकीय शिक्षणात जितक्या गांभीर्याने शिकवायला हवे तितके शिकवले जात नाही, आणि त्याची किंमत बाकड्यावर बसलेली माणसे मोजतात.

वाचकांना माझी एकच विनंती आहे. पुस्तक मिटल्यावर लगेच फॉर्म भरायची घाई करू नका. आधी घरात बोला. जेवायला सगळे बसले असताना, बायको, मुले, भाऊ यांच्यासमोर, तुमच्या देहाचे काय व्हावे असे तुम्हाला वाटते ते स्पष्ट सांगा, आणि त्यांना काय हवे आहे तेही विचारा. ‘हो’ असेल तर ‘हो’ सांगा. ‘नको’ असेल तर तेही तितक्याच मोकळेपणी सांगा. मग फॉर्म भरा, आणि त्याची प्रत थोरल्या काकांनाही द्या.